बाभुळदऱ्याची गप्प उपासना

बाभुळदऱ्याच्या ख्रिस्ती देवळात रविवारी घंटा होते, वीसेक माणसं सतरंजीवर बसतात, पाळक पुढे उभे राहतात आणि कुणीच काही बोलत नाही. पाहुण्यांना वाटतं, पाळकसाहेब प्रार्थना विसरले. मग उपासनेनंतर मंडळीतले सर्वांत थोरले पंच, लेवीबाबा शिनगारे, त्यांना थांबवून तबिथाबाईंची हकिकत सांगतात. सांगताना ते अजूनही चिडतात.

फार पूर्वी, म्हणे, इथे उपासनेला बसायला जागा पुरत नसे. मग कोणी शहरात गेलं, कोणी आळसावलं, आणि उरली पंचवीस डोकी. पाळक नाताळ-ईस्टरलाच येत. एरवी सगळा भार घरोघर जाऊन शास्त्र शिकवणाऱ्या बायबलबाईंवर, म्हणजे तबिथाबाई पठारे यांच्यावर. पस्तीस वर्षं त्यांनी या लोकांना प्रार्थना करायला शिकवलं आणि पस्तीस वर्षं लोकांनी ती त्यांच्याकडूनच करून घेतली. म्हैस आटली, बाई, प्रार्थना करा. सून रुसली, प्रार्थना करा. दोघे भाऊ बांधावरून भांडले, तर दोघेही वेगवेगळे येऊन आपापल्या बाजूने प्रार्थना करायला सांगून गेले. तुम्ही स्वतः तोंड उघडा म्हटलं की सगळे चपला शोधायला लागत. बाई अगदी मेटाकुटीला आल्या होत्या. वय सत्तरीपार. आपण डोळे मिटले की या मंडळीत देवाशी बोलणारं कुणी उरणार नाही, ही काळजी त्यांना खात होती.

एका रविवारी त्या काळचा पंच शांतवन वाघचौरे भर उपासनेत उठून म्हणाला, "बाई, आज जरा आटोपतं घ्या. आमच्या वाटचं तुम्ही घरी म्हणा."

बाईंनी हातातलं पवित्र शास्त्र मिटलं. "तुमच्यातलं कुणी स्वतःच्या तोंडाने देवाशी बोलेपर्यंत मी तोंड उघडणार नाही," एवढं बोलून त्या खाली बसल्या. तोच त्यांचा नवस ठरला, असं सांगतात.

लोकांना शरम वाटायला हवी होती. पण छे. पुढच्या रविवारी सगळे आले, गप्प बसले आणि उठून गेले. उपासना कशी सुटसुटीत झाली, असंही कोणी म्हणालं. बाई इतक्या रागीट नाहीत, घसाच बसला असणार, असा निष्कर्ष निघून चार घरांतून अडुळशाचा काढा आला. काढा आणणारे निघताना म्हणत, "बाई, घशासाठी प्रार्थना करा बरं." बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. काढे मात्र त्या प्यायल्या.

असे अकरा रविवार गेले. बाराव्या रविवारी बाईंना दोघींनी धरून देवळात आणलं. ही अशीच मुक्याने गेली तर तिला गप्प बसवणारे शब्द आपलेच ठरतील, हे शांतवनला तेव्हा कळलं. तो उभा राहिला.

"देवा, मला नीट बोलता येत नाही. ही बाई आमच्यावर रुसलीय. चूक माझी आहे. हिला आणखी थोडे दिवस ठेव, मी शिकतो."

"आमेन," बाई म्हणाल्या.

मग एकेक जण उठत गेला. दुपार कलली तरी कुणी चपला शोधल्या नाहीत. बाई त्यानंतर आठवडाभरच जगल्या म्हणे. कुणी सांगतात, तीन वर्षं. लेवीबाबा तीन वर्षंच धरतात, कारण शांतवनने मागितलं होतं.

मंडळी त्यानंतर काही वाढली नाही. पण आजही बाभुळदऱ्यात आधी सतरंजीवरचं कुणीतरी उठतं, अडखळत बोलतं, आणि पाळक फक्त आमेन म्हणतात. हे सगळं ऐकूनही एखादा पाहुणा निघताना म्हणतोच, "बाबा, आमच्यासाठी प्रार्थना करा." लेवीबाबा मोठा उसासा टाकतात, शेजारी सरकून त्याला जागा करून देतात, डोळे मिटतात आणि तो बोलायची वाट बघत बसतात.