मोहळकड्याचा दोर

हे हिरड्याचं झाड आधी नीट बघून घ्या. फांद्यांना कोयते लटकलेत ना, त्यातल्या कित्येकांना असा गंज चढलाय की हात लावला तर पापुद्रा निघेल. तुमच्याकडे काकडी कापायची सुरी असेल, चाकू असेल, तर तो इथं अडकवायचा आणि परतताना घ्यायचा. मागच्या रविवारी एका साहेबांनी थट्टेनं विचारलं, नेलकटर पण अडकवू का? मी अडकवायला लावलं.

इथून कड्याचं टोक शंभर पावलांवर आहे. पुण्याहून अडीच तास गाडी हाणत तुम्ही त्या टोकावरून खालचं कोकण बघायला आलात, हे मला ठाऊक आहे. बघा की. पण कमरेला दोर बांधल्याशिवाय पुढं जायचं नाही, आणि तो गाण्याचा डबा आत्ताच बंद करा. खाली आग्या माश्यांची पोळी आहेत. त्यांना तुमची गाणी आवडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही नाहीत. हा बुधा. हा दोर धरतो आणि बोलत नाही. मी धाऊबा. मी बोलतो आणि दोर धरत नाही. असं का, ते ऐका आणि मग टोकाला जा.

फार पूर्वी आमच्या वाडीचं पोट या कड्यावरच्या मधावर चालायचं, असं सांगतात. चैत्रात पोळी भरली की एक माणूस दोरानं खाली उतरायचा, धुरी द्यायचा, कोयत्यानं पोळं कापायचा. दुसरा वर दोर धरून बसायचा. दोर कुणी धरायचा याला तेव्हा नियम नव्हता. बहुतेक सख्खा भाऊच धरी, कारण त्याच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा कोण, असं सगळ्यांना वाटे.

त्या काळी सक्रू आणि कमळू असे दोघे भाऊ होते. धाकटा कमळू काटकुळा, तो उतरायचा. थोरला सक्रू अंगानं दांडगा, तो दोर धरायचा. मध वर आला की पहिला घास कमळूला. बायका ओवाळायच्या त्याला. दोर धरून सक्रूचे तळवे सोलून निघायचे, ते कधी कुणी उलटून पाहिले नाहीत. वर्षानुवर्षं असंच चाललं आणि सक्रू आतल्या आत कुजत गेला. मी त्याची बाजू घेत नाही, बरं का. ऐकलं तसं सांगतो.

एका चैत्रात कमळू निम्म्यावर गेला असताना सक्रूनं कमरेचा कोयता काढला आणि एका घावात दोर तोडला. मग ऊर बडवत वाडीत धावत आला. खडकाला घासून दोर तुटला, माझा भाऊ गेला, म्हणून तो असा रडला की लोकांनी त्यालाच धरून ठेवलं.

कमळूची बायको राही. ती कोणासाठी थांबली नाही. लांबच्या वाटेनं वळसा घालून ती कड्याच्या तळाशी पोचली. कमळू दोन ठिकाणी खडकावर आपटून खाली आला होता. तोंड उरलं नव्हतं. राहीनं त्याला कमरेच्या करगोट्यावरून ओळखलं. त्याच कमरेला दोर बांधलेला होता. हा दोर तिनं स्वतः वळलेला, केवणीच्या सालीचा, तीन पेडांचा. घासून तुटणारा दोर कसा तुटतो हे दोर वळणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. आधी एक पेड जातो, मग बाकीचे ओढले जाऊन विंचरल्यासारखे सुटतात. इथं तिन्ही पेड एका जागी सरळ कापलेले होते. राहीनं ते टोक पदरात बांधलं आणि कुणापाशी बोलली नाही.

महिना झाला आणि सक्रूनं पाट लावायचं बोलणं काढलं. त्याची बायको साथीत गेली होती, घरात मुलं होती, आणि धाकट्याची विधवा थोरल्याच्या घरात येणं तेव्हा चालायचं. राही हो म्हणाली. एवढंच म्हणाली, की मेलेल्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं झाल्याबिगर पाट लागत नाही. रीत तशीच होती. कमळू ज्या पोळ्यासाठी उतरला ते अजून कड्यावर लोंबत होतं. ते सक्रूनं काढून आणायचं.

सक्रूला तर हवंच होतं. एवढ्या वर्षांनी ओवाळणी त्याची होणार होती. पण दोर धरणार कोण? दोर धरणारा भाऊ काय करू शकतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून त्यानं पंचांसमोर सांगितलं, ‘‘माजा दोर राहीच्या भावानं धरावा. सख्ख्या भनीला दुसऱ्यांदा रांडव कोण करील?’’

राहीचा भाऊ भागा पलीकडच्या वाडीतून आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. कड्याच्या टोकापाशी दोर पाठीमागून घेऊन तो खडकाला पाय रोवून बसला. सक्रू उतरला. पोळ्यापाशी पोचल्याची खूण आली, धूर वर दिसला. तेव्हा राही पुढं झाली आणि तिनं पदराची गाठ सोडून ते कापलेलं टोक भावासमोर धरलं.

भागानं ते पाहिलं. तिन्ही पेड सरळ कापलेले बघून सक्रूनं काय केलं ते त्याला कळलं.

‘‘सोड,’’ राही म्हणाली.

‘‘त्याला वर घेतो,’’ भागा म्हणाला. ‘‘हितं उभा करतो आन् समोरून त्याची मान उडवतो. पर धरलेला दोर मी सोडायचा न्हाई, राही.’’

‘‘पंच तुला हात लावू देतील? वर आला की त्यो माजा नवरा व्हईल.’’

एवढं बोलून तिनं भावाच्याच कमरेचा कोयता उपसला आणि दोर खडकावर टेकतो तिथं घाव घातला. दोन पेड तुटले. भागानं उजव्या हातानं ताण पेलला आणि डावा हात पुढं टाकून उरलेल्या पेडावर मूठ आवळली. त्याला वाटलं, माझ्या हातावर तरी ती घाव घालणार नाही. राहीनं डोळे मिटून घाव घातला. दोर तुटला, आणि भागाची दोन बोटं दोराबरोबर कड्याखाली गेली.

सक्रू पोळ्याला धरू गेला आणि अख्खं पोळं घेऊन खाली कोसळला. त्याची किंकाळी तळाला पोचण्याआधी माश्या वर आल्या, असं म्हणतात. भागा हात पोटाशी धरून पडला होता. राहीनं लुगडं सोडून त्याच्यावर टाकलं आणि स्वतः त्यावर पालथी पडली. माश्या उठून गेल्यावर लोक जवळ आले, तर तिचं अंग इतकं सुजलेलं की उचलताना कुठं धरावं कळेना. भागा तिच्याखाली जिवंत होता. बहिणीला अग्नी दिला आणि तोच कोयता त्यानं या हिरड्याला लटकवला.

मग पंच बसले. बहिणीच्या नवऱ्याच्या खुन्याचाही दोर ज्यानं सोडला नाही, त्याच्याच नात्याला तो मान द्यायचा ठरलं. तेव्हापासून उतरणाऱ्याचा दोर बायकोचा भाऊ धरतो. टोकापाशी पातं न्यायचं नाही. पोळंसुद्धा आम्ही बांबूच्या कांबीनं कापतो. तुमच्यासारख्या पाहुण्यांचा दोर भागाच्या घरचा माणूस धरतो. बुधा त्या घरचा. आता बघा, तो डाव्या हाताची दोन बोटं आत दुमडून घेईल. आठ बोटांनी धरतात हा दोर.

आणि ताई, तुम्ही मघापासून तो दोर माझ्या हातात देताय, त्याचं उत्तर राहिलं. सक्रूच्या मागं मुलं होती असं मी म्हणालो ना? आम्ही त्यांचे. सात पिढ्या झाल्या. आमच्या घरानं दोराला हात लावायचा नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं. माझी बहीण साळू. तिला इथल्याच एका मधवाल्याचं स्थळ आलं होतं. पोरगा गुणी होता, तिच्या मनात होता. पण लग्न झालं तर त्याचा दोर धरायचा कुणी? रीतीनं मी, बायकोचा भाऊ. आणि रीतीनंच मी धरू शकत नव्हतो. ती खाली कोकणात दिली. तुम्ही टोकावर उभे राहाल ना, तिथून तिच्या गावची कौलं दिसतात. मला फार वाईट वाटतं त्याचं, अजून वाटतं.

आजही चैत्रात वाडी कड्यावर जमते, आजही बायकोचा भाऊ दोन बोटं दुमडून खडकाला पाय रोवतो, आणि आजही आमच्या घरचा माणूस इथं, हिरड्यापाशीच थांबतो. दोर बुधाकडे द्या, ताई. आणि टोकाला गेलात की डावीकडे, नदीच्या वळणावर, तिची कौलं आहेत. तेवढी बघून या.