तीळ अडकला टॅपखाली

एक होती मुंगी. नाव तिचं ठिपकी.
ठिपकीनं आणला तीळ. बाळासाठी. बाळाला लागली होती भूक.

वाटेत केरबा मिस्त्रीचा कारखाना. तिथं लोखंडी ठोकळा. ठोकळ्याला खोल भोक. ठिपकी चढली तुरुतुरु. पाय घसरला. तीळ पडला भोकात. टुप्!

तेवढ्यात आला केरबा मिस्त्री. त्याला भोकात आटे पाडायचे होते. बाटलीच्या झाकणाला असतात ना, तसे आटे. त्यानं आटे पाडायचा पोलादी टॅप घातला. टॅप कसा फिरवायचा? अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पण मिस्त्रीला कुठला धीर! पुढे, पुढे, पुढेच. करकर, करकर... कडाक्!

टॅप मोडला. तुकडा अडकला. तिळाच्या डोक्यावर बसला.

ठिपकी म्हणाली, "तुकड्या, तुकड्या, बाहेर निघ."
तुकडा म्हणाला, "हट्! एवढीशी मुंगी, मला सांगते! पक्कड धरेल, तर निघेन."

ठिपकी गेली तुरुतुरु. "पक्कडताई, धर ना!
तुकडा काही निघेना,
तीळ काही मिळेना."
पक्कड म्हणाली, "शी! केवढा घट्ट बसलाय! माझे दात दुखतील. हातोडी ठोकेल, तर धरीन."

ठिपकी गेली तुरुतुरु. "हातोडीमावशी, ठोक ना!
पक्कड काही धरेना,
तुकडा काही निघेना,
तीळ काही मिळेना."
हातोडी म्हणाली, "आली मोठी! मी काय आपणहून ठोकते? मिस्त्री उचलेल, तर ठोकीन."

ठिपकी गेली तुरुतुरु. "मिस्त्रीमामा, उचला ना!
हातोडी काही ठोकेना,
पक्कड काही धरेना,
तुकडा काही निघेना,
तीळ काही मिळेना."
मिस्त्री म्हणाला, "कोण बोललं? मुंगी? हा हा हा! चहा येईल, तर उचलीन."

ठिपकी गेली मिस्त्रीच्या घरात. "मालूमामी, चहा द्या ना!
मिस्त्री काही उचलेना,
हातोडी काही ठोकेना,
पक्कड काही धरेना,
तुकडा काही निघेना,
तीळ काही मिळेना."
मालूमामी म्हणाली, "चहा? कशात देऊ? ओंजळीत? सकाळचा कप तिकडे कारखान्यातच लोळतोय. तो विसळून येईल, तर देईन."

ठिपकी परत आली. "मिस्त्रीमामा, कप विसळा ना!
मामी चहा देईना,
मिस्त्री काही उचलेना,
हातोडी काही ठोकेना,
पक्कड काही धरेना,
तुकडा काही निघेना,
तीळ काही मिळेना."
मिस्त्री म्हणाला, "मी? कप? अगं, मी मिस्त्री आहे, मिस्त्री!"

ठिपकीनं त्याला खालून वर पाहिलं. "वा! लोखंड उचलतो, आणि कप जड होतो!"

कपाच्या तळाशी होती चिकट साखर. ठिपकीनं हाक मारली. सातशे बहिणी आल्या. तुरुतुरु तुरुतुरु! कप भरला काठोकाठ. मिस्त्रीनं बाजूला सारायला कपाला हात लावला.
"आई गं! चावली! चावली!"
बहिणी पळाल्या. मिस्त्री कप घेऊन धावला नळावर. खळखळ, खळखळ!

मग काय!
कप विसळला, मामीनं चहा दिला.
चहा आला, मिस्त्रीनं हातोडी उचलली.
हातोडीनं ठोकलं. टुक टुक, टुक टुक.
पक्कडीनं धरलं. उलटं फिरवलं. थोडं मागे, थोडं पुढे, थोडं मागे...
टुणकन् तुकडा बाहेर!
ठोकळा उपडा केला. टुप्! तीळ बाहेर!

मिस्त्री म्हणाला, "एवढ्याशा तिळासाठी एवढा गोंधळ?"
ठिपकी म्हणाली, "छे हो, मामा. एवढ्याशा कपासाठी."

बाळानं तीळ खाल्ला. कुटुम, कुटुम!
तीळ गेला पोटात,
हसू आलं ओठात.