बकुळाचे पाय आणि पेरूच्या बागेतली परी

बकुळा दिवसातून किती वेळा पडायची हे मोजायला कुणी बसलं असतं, तर मोजणाऱ्याची बोटं संपली असती. उंबऱ्याला अडखळून पडायची, कोंबडीला वाट देताना पडायची, आणि कधी कधी तर नुसती उभी असतानाही पडायची. हसू नका हं. तिच्या पायांत आईच्या जुन्या चपला होत्या, होडीएवढ्या मोठ्या. त्या निसटू नयेत म्हणून बिचारी बोटं आवळून चालायची. दुसऱ्या चपला घरात नव्हत्याच.

पेरूच्या बागेपलीकडे, पाण्याचा पाट ओलांडला की तिचं पत्र्याचं इवलंसं घर लागायचं. बाबा देवाघरी गेलेले. आई बागेत पेरू तोडायला जायची. धाकट्या भावाचं नाव धोंडू, पण बाळ कसलं मऊ, लोण्याचा गोळाच. सात वर्षांच्या बकुळाचा त्याच्यावर भारी जीव. त्याला कडेवर घेऊन ती बागभर हिंडायची, हिरवे राघू दाखवायची, पिवळीधमक फुलपाखरं दाखवायची.

आणि एके दिवशी पाटावरच्या फळीवर तिची चप्पल निसटली आणि दोघंही धपकन पडली. धोंडूच्या कपाळाला खोक पडली. आई रागावली नाही. पण त्या दिवसापासून तिने धोंडूला बकुळाच्या हातात दिलं नाही. बागेत आली की फांदीला झोळी बांधायची आणि त्याला आत निजवायची. त्याने बकुळाकडे झेप घेतली तरी बकुळाने फक्त झोका द्यायचा. तिला फार फार वाईट वाटायचं. आई एकदा चांगली ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात यायचं.

बागेला लागूनच गावच्या तालमीचं मैदान होतं. त्या तालमीत पोरं कुस्ती शिकायची आणि फुटबॉलही खेळायची. चिमुरड्यांना शिकवायचे दौलूमामा. पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी आणि आवाज अगदी हळू. त्यांची एक रीत होती, आणि ती एकाही पोराला आवडायची नाही. नव्या पोराने महिनाभर चेंडूला लाथ म्हणून मारायची नाही. विटांच्या ओळीवरून चालायचं, एका पायावर उड्या मारायच्या, तळपायाखाली चेंडू नुसता गोल गोल फिरवायचा. महिना भरला की पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या हातात धरून विटा पार करायच्या. ते जमलं की मग खरा फुटबॉल.

"मामा, हा कसला फुटबॉल?" संपत नावाचा एक पोरगा रोज कुरकुरायचा.

"आधी पाय ताब्यात येऊ देत, बाळा," दौलूमामा म्हणायचे. "चेंडू काय पळून जातोय व्हय?"

ते बोलणं बकुळाने ऐकलं आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "मामा, मलाही शिकवा. मला गोल नाही मारायचा. मला पडायचं नाहीये."

दौलूमामांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे पाहिलं. "पहिलं काम, ह्या होड्या काढून ठेव," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी बकुळा अकरा वेळा पडली. दुसऱ्या दिवशीही अकरा. तिसऱ्या दिवशी मोठ्या मुलांचा चेंडू उडून बागेत गेला आणि ती तो आणायला धावली. चेंडू कुंपणाच्या तारेपाशी थांबला होता, आणि तारेत अडकलं होतं काहीतरी लुकलुकणारं.

ती होती एक परी. करंगळीएवढी. पेरूच्या फुलासारखे शुभ्र पंख, त्यांना पिकल्या पेरूच्या गरासारखी गुलाबी कड, आणि केसांत दवाचे थेंब चमचमत होते. एक पंख तारेने टर्रकन फाटला होता.

बकुळाने श्वास रोखून तार वाकवली. मग वेणीची निळी रिबीन सोडली. तिच्याजवळ तेवढी एकच रिबीन होती. तिची एक चिंधी फाडून तिने तो पंख अलगद बांधला.

"दुखतंय का गं?"

"थोडंसं," परी म्हणाली. तिचा आवाज पैंजणातल्या घुंगरासारखा होता. "मी पिसोळी. तू माझं भलं केलंस, म्हणून तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण नियम ऐकून घे. इच्छा अनवाणी उभं राहून मागायची. स्वतःसाठी मागशील ते सूर्य मावळला की संपेल. दुसऱ्यासाठी मागशील ते कायम टिकेल."

"मग तुझा पंख?"

"परीला स्वतःसाठी काही मागता येत नाही," पिसोळी म्हणाली. "माझं राहू दे. तुझं सांग."

बकुळाला कसला धीर धरवतोय. "मला पडू देऊ नकोस," ती पटकन म्हणाली.

पिसोळीने टाळी वाजवली आणि सोनेरी धुळीचा एक कण बकुळाच्या अंगठ्यावर पडला. काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी बकुळा विटांवरून वाऱ्यासारखी गेली. एका पायावर सगळं मैदान फिरून आली. संपत तोंड उघडं टाकून बघत राहिला. दौलूमामांनी मात्र शिट्टी वाजवली नाही की शाबासकी दिली नाही. "हे पाय कुणाचे आहेत पोरी?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि बकुळाने अंगठा मातीत लपवला.

बातमी आईपर्यंत पोचली. संध्याकाळी झोळी सोडताना आई घुटमळली. मग कितीतरी दिवसांनी तिने धोंडूला बकुळापुढे धरलं. "घेतेस?" ती हळूच म्हणाली.

धोंडू हसला. त्याचे दोन इवले दात दिसले. बकुळाचे हात आपोआप पुढे झाले. आणि तेवढ्यात तिला आंब्याच्या झाडामागे सूर्य दिसला, नारिंगी, लालबुंद, अर्धा बुडालेला. घर अजून लांब होतं. मध्ये पाट होता.

तिने हात मागे घेतले. डोळे भरून आले, तरी मागे घेतले. "नको आई. आज नको. आज माझे पाय खरे नाहीत."

आईला काही कळलं नाही. पण तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी बकुळा पुन्हा अकरा वेळा पडली. दुपारी ती कुंपणापाशी पिसोळीजवळ जाऊन बसली आणि खूप विचार करू लागली. 'आईची भीती जाऊ दे' असं मागावं का? पण आईची भीती गेली आणि मी पडलेच, तर धोंडूचं काय होईल? छे, ते नको. शेवटी ती अनवाणी उभी राहिली. "मी मैदानावर असते तेव्हा झोका थांबतो आणि धोंडू रडत असतो. त्याला त्या वेळी गाढ, गोड झोप लागू दे."

"एवढंच?" पिसोळी म्हणाली.

"एवढंच. म्हणजे मला शिकता येईल."

मग रोज सकाळी धोंडू झोळीत गुडूप झोपायचा आणि बकुळा मैदानावर जायची. "पायांकडे बघू नको, पुढं बघ," दौलूमामा सांगायचे. "गुडघा ताठ कशाला? जरा मऊ सोड. हात पसर, पंख समज." त्यांनी तिला पडायचं कसं तेही शिकवलं, अंग गोळा करून, लोळण घेत. अकराचे नऊ झाले. नवाचे सहा झाले. मध्येच एकदा पुन्हा दहा झाले, तेव्हा बकुळा रुसून बसली, आणि कुरकुऱ्या संपतनेच तिला हात धरून उठवलं. हळूहळू चेंडू तळपायाखाली गुरगुरत फिरू लागला, मांजरीच्या पिल्लासारखा.

महिना भरला. तांब्या भरला. आई पेरूंची पाटी बाजूला ठेवून कुंपणाशी येऊन उभी राहिली. बकुळा विटांवर चढली. एक वीट, दोन विटा, पाच, दहा. चौदाव्या विटेवर वीटच डुगडुगली. बकुळाने गुडघा मऊ सोडला, थांबली, आणि पुढे गेली. शेवटी दौलूमामांनी तांब्यात डोकावून पाहिलं.

"तीन थेंब सांडले," ते म्हणाले. "चालतंय. हे पाय तुझे आहेत."

आई झोळीशी गेली, जागा झालेल्या धोंडूला उचललं आणि बकुळाच्या कडेवर दिलं. "मी पाटी घेते," ती म्हणाली. "तू बाळाला घेऊन चल."

आई पुढे, बकुळा मागे. आई दर चार पावलांवर वळून बघायची. पाटावरची फळी आली. आई ओलांडून गेली आणि पलीकडे वळून उभी राहिली. फळीच्या मधोमध एक पिकला पेरू पडला होता. बकुळाचा पाय नेमका त्याच्यावर पडला आणि सरकला.

पिसोळीला हाक मारायला वेळच नव्हता. पण गुडघा आपोआप मऊ झाला, मोकळा हात पसरला, दुसरा पाय पक्का रोवला गेला. बकुळा उभी होती. धोंडू तिचा कान ओढत होता.

आईने सगळं पाहिलं. मग तिने पाटी डोक्यावर नीट केली, आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागली.

बकुळा पलीकडे आली. काठावरच्या पेरूच्या फांदीवर पिसोळी बसली होती. पंखावरची निळी चिंधी पार विटून गेली होती.

"एक इच्छा उरलीय," पिसोळी म्हणाली. "नव्या चपला माग. झगमगीत फ्रॉक माग."

बकुळाने धोंडूला दुसऱ्या कडेवर घेतलं. पाय अनवाणीच होते. "तुझा पंख बरा होऊ दे," ती म्हणाली. "कायमचा."

चिंधी गळून पडली. शुभ्र पंख उघडले, पाट सोन्यासारखा झळाळला, पानापानावर गुलाबी ठिणग्या नाचल्या, आणि त्या उजेडात पिसोळी वर वर जात विरून गेली. धोंडूने टाळ्या पिटल्या.

"कसला गं उजेड पडला?" आईने चालता चालताच विचारलं.

"काही नाही आई," बकुळा म्हणाली. "आम्ही येतोय."

"या," आई म्हणाली, आणि घर येईपर्यंत एकदाही मागे वळली नाही.