सोन्याचं बोंडलं

एका राज्यात एक बोंडलं होतं. बाळाला दूध पाजायचं, सोन्याचं, लांब चोचीचं, आतून एक रेघ कोरलेलं. राणी बाळंत झाली की पाचव्या दिवशी दरबारात, पडद्याआड बसून, तिनं आपलं दूध त्यात काढायचं. रेघेला लागलं तर ती आई. नाही लागलं तर ते दूध वेशीवरच्या उंबराखाली ओतायचं आणि राणीला वेशीबाहेर घालवायचं. सात राण्या अशा गेल्या. शहाण्यांचा न्याय तो.

आठवी केतकावती. तिचा डावा स्तन भरलेला, उजवा मुठीएवढाच राहिलेला. लग्नाआधी हे कुणी विचारलं नाही, लग्नानंतर कुणी विसरलं नाही. न्हाऊ घालणाऱ्या दासी पदराआड हसत. सासू, म्हणजे राजमाता, सगळ्यांदेखत म्हणे, "एका अंगाला घागर, एका अंगाला गडू. राजपुत्र काय पिणार?"

पाचव्या दिवशी बोंडल्याचा तळ जेमतेम ओला झाला. राजवैद्य म्हणाले, वाकड्या अंगाचं दूध. राजा पायाच्या नखांकडे बघत बसला. दूध ओतलं गेलं. मग बोंडल्यात गाईचं दूध घालून बाळाच्या ओठाला लावलं. बाळ प्यायलं आणि रडलं, प्यायलं आणि सुकलं. दाईनं पाजलं, तरी तेच.

तेव्हा खिडकीवरची साळुंकी बोलली.

"राणी, हा पहिल्या राणीचा शाप. हे बोंडलं ओठाला लागलं की कुणाच्याही दुधानं भूक भागत नाही. तीन दिवसांत बोंडल्यात तीन गोष्टी घाल. ओतल्या दुधाची माती, रेघ कोरणाऱ्याची कबुली, आणि चाळीस वर्षं गिळलेला एक शब्द. नाही घातल्यास तर बाळ जाईल."

शाप दिला राजांना, भोगला पोरांनी. शापांचं असंच असतं.

केतकावतीनं बाळ छातीशी बांधलं, बोंडलं ओटीत घेतलं आणि निघाली. वैद्यानं तिला पायरी उतरायची मनाई केली होती. वेशीबाहेर काढताना ती मनाई कुणालाच आठवली नाही.

पहिल्या दिवशी उंबराखाली पांढरा नाग आडवा आला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"आठ राण्यांचं दूध इथं ओतलं. मी सगळं चाखलं. कुणाचं थोडं होतं, कुणाचं फार. वाईट कुणाचंच नव्हतं." एवढं बोलून तो मातीवरून बाजूला झाला. तिनं चिमूटभर माती बोंडल्यात घातली.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर म्हातारा सोनार भेटला. तीनशे वर्षांचा, जादू जाणणारा. तिनं विचारलं, रेघेचं माप कुठून आणलं?

"तेव्हाचा राजा म्हणाला, राजाला शोभेल असं माप घाल. मी ब्रह्मचारी. तान्हं पोर कधी पाहिलं नव्हतं. गोठ्यात वासरू होतं. त्याच्या पोटाचं माप घातलं."

हे तो बोंडल्यात तोंड घालून बोलला. मग म्हणाला, "रेघेला एकदाच दूध लागलं. चाळीस वर्षांपूर्वी. त्याला शेळीचा वास होता. सोनं माझ्यापासून काही लपवत नाही."

केतकावती तिथंच खाली बसली. वासराच्या मापानं सात बायका गेल्या, सात पोरं गेली. तिला रडू आलं नाही. बाळ चिमणीएवढं झालं होतं. आणि राजा चाळीस वर्षांचा होता. ती उठली.

तिसऱ्या दिवशी ती दरबारात शिरली. द्वारपालानं अडवलं नाही, तिच्या डोळ्यांत बघून बाजूला झाला. तिनं बोंडलं राजमातेच्या तोंडापुढं धरलं.

"सासूबाई, तुमचा शब्द द्या."

राजमातेनं बाळाकडे पाहिलं. मग बोंडल्यात बोलली, "माझाही उजवा लहानच. त्या दिवशी चोळीत शेळीच्या दुधाची पिशवी होती."

बोंडलं तडकलं. केतकावतीनं तिथंच बाळाला पदराखाली घेतलं. आधी उजव्या अंगाला, मग डाव्या. जेवढं होतं तेवढं पाजलं. कमी पडलं ते दाईनं पाजलं. बाळ ढेकर देऊन झोपलं.

राजानं दवंडी पिटवली की राजघराण्याच्या पुण्याईनं शाप सुटला. दरबार पुन्हा भरू लागला. सात राण्यांना शोधायला मात्र कुणी गेलं नाही.

बाळ रांगू लागलं तेव्हा केतकावतीनं सासूला एकच विचारलं.

"तुम्हांला सगळं ठाऊक होतं. तरी सगळ्यांत जास्त तुम्हीच का बोललात?"

"मी बोलले नसते, तर लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं."

कहाणी इथं पुरी झाली. ऐकणाऱ्या लेकीसुनांच्या पोरांची पोटं भरोत, कुणाच्या का दुधानं होईना.