पहारेकऱ्याची धूळआंघोळ

एका जंगलाच्या कडेला, बोरीच्या जाळीत सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. मुलांनो, सातभाई तुम्ही पाहिलेच असतील. मातकट रंगाचे, सदा कलकलाट करणारे आणि जिथे जायचे तिथे सगळे मिळून जाणारे. त्यांची एक रीत आहे. बाकीचे खाली पाचोळ्यात किडे शोधत असताना एकजण उंच फांदीवर बसून पहारा देतो. मग दुसरा येऊन पाळी घेतो आणि पहिला खाली उतरून खातो, धुळीत लोळून अंग साफ करतो. नंतर सगळे खेटून बसतात नि चोचीने एकमेकांची पिसे विंचरतात.

त्या वर्षी जाळीत नवी पिल्ले होती, आणि नेमका तेव्हाच शिक्रा, म्हणजे पाखरांची शिकार करणारा तो लबाड पक्षी, आसपास घिरट्या घालू लागला. थव्यातल्या थोरल्याने तर धसकाच घेतला. पहाऱ्याच्या फांदीवर तो जो चढला, तो उतरायलाच तयार होईना. कोणी पाळी घ्यायला आले की त्यालाच हाकलून लावी. "पिल्लांचा जीव माझ्यावर आहे आणि मी धुळीत लोळत बसू?" असे वर ऐकवी. पिसे विस्कटली, पोट खपाटीला गेले, आणि डोक्यात शिक्र्याखेरीज दुसरे काही राहिले नाही.

मग व्हायचे तेच झाले. पान गळले तरी तो ओरडे, खार पळाली तरी ओरडे. होता होता त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडाला. एका सकाळी खरोखरच शिक्रा झेपावला, तर 'पुन्हा पानच असेल' म्हणून हा गप्प बसला. एका पिल्लाच्या शेपटीची पिसे गेली. जीव वाचला तो केवळ नशिबाने.

थोरल्याला इतके वाईट वाटले की त्याला चोच वर करवेना. तेव्हा थव्यातली म्हातारी आत्या त्याच्या फांदीवर आली. ती रागावली नाही. त्याला खेटून बसली आणि त्याच्या मानेची पिसे विंचरू लागली.

"तुझी नजर चांगलीच आहे रे," ती म्हणाली, "पण मन दमलंय. खाली ये. धुळीत लोळणं हेही पहाऱ्याचंच काम आहे."

"आणि आत्या, भीती वाटली तर?"

"तर आम्हाला सांग. एकट्यानं फांदीवर घेऊन बसू नकोस."

थोरला उतरला. पहिल्या दिवशी धुळीत लोळतानाही त्याचे सगळे लक्ष आभाळाकडे. पण आत्या कसली सोडते! पाळी संपली की रोज त्याला खाली बोलावी. पोटभर खाणे, धुळीची आंघोळ, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मधे बसून मनात आलेले बोलून टाकणे. हळूहळू त्याला पान हे पान दिसू लागले आणि खार ही खार.

शिक्रा पुन्हा आला तो उन्हाच्या बाजूने, पानांच्या सावल्यांत लपत. त्या हलत्या सावल्यांतली एक सावली निराळी आहे, हे थोरल्याने क्षणात ओळखले आणि एकच खणखणीत हाक दिली. पिल्ले जाळीत शिरली आणि उरलेला अख्खा थवा कलकलाट करत शिक्र्यावर तुटून पडला. बिचाऱ्याला पळता भुई थोडी झाली. जाताना त्याच्याच शेपटीचे एक पीस जाळीसमोर पडले, आणि ते मिरवायला कोण पुढे धावले असेल? तेच शेपूटतुटके पिल्लू!

सगळे थोरल्याचा जयजयकार करू लागले. पण त्याची पाळी संपली होती. धाकट्या बहिणीला फांदी देऊन तो मोठ्या ऐटीत धुळीत लोळायला गेला.

तात्पर्य : ज्याला इतरांना जपायचे आहे, त्याने रोज आपल्या मनालाही जपावे; विसावा घेणे आणि भीती बोलून दाखवणे हा कामचुकारपणा नव्हे.