रोबो गव्याचा मुहूर्त

भिवखेडचे नगराध्यक्ष दौलतराव मुहूर्ताशिवाय पाऊलही उचलत नसत. हवामानबदलाबद्दल लोकांना जागं करायला त्यांनी बागेत वीस फुटी रोबो गवा बसवला, आणि तो रस्त्यावरून दिसावा म्हणून शेजारची जुनी चिंच तोडायचा हुकूम काढला. आता काय म्हणावं या माणसाला! बागेची माळीण वच्छला मेश्राम तीनदा विनवायला गेली. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "उद्घाटन होताच तोडा. मुहूर्त उत्तम आहे!"

मुहूर्त निघाला मे महिन्यातला, दुपारी एकचा. दौलतरावांनी कळ दाबली. गव्याने दोनदा मान हलवली आणि उन्हाने तापून तो बंदच पडला. मंडपाची भट्टी झाली होती. घामाघूम दौलतराव खुर्ची उचलून चिंचेखाली जाऊन बसले, त्यांच्यामागे सगळं गाव.

तेवढ्यात वच्छला कुऱ्हाडवाल्यांना घेऊन आली.

"यांना आत्ता कशाला आणलंस?" दौलतराव खेकसले.

"साहेब, हुकूम तुमचा, मुहूर्तही तुमचाच. टळायला नको. तेवढं उठता का जी?"

दौलतरावांनी समोरच्या उन्हाकडे पाहिलं, आणि खुर्ची खोडाच्या आणखी जवळ ओढली.