शेंड्यावरचे राघू

"आधी फांदी गाठ, मग तोंड उघड," शेंड्यावरून राघू खेकसला. खाली जमिनीवर टिटवी तरीही ओरडतच होती.

ही भानगड फार जुनी, पक्षी उंबरावर सभा भरवत तेव्हाची. नियम त्यांनीच केलेला: ज्याच्या बोलण्यावर जास्त माना डोलतील त्यानं एक फांदी वर बसायचं, आणि वरच्यानं खालच्याला गप्प करायचं. राघू एकमेकांसाठीच माना डोलावत शेंड्याला पोचले होते. विद्वानच ते. टिटवीचे पाय फांदीवर ठरत नाहीत, ती जन्मभर जमिनीवरच. तिचा विचार नियम करताना कुणाला सुचला नव्हता.

"अरे, धामण खोडावर चढलीय. तुमची पिल्लं ढोलीत आहेत," टिटवी म्हणाली.

"टिटवीबाई, सभेत घबराट पसरवायची नाही," पंच झालेलं घुबड डोळे मिटूनच म्हणालं. "शिवाय तुमच्यासाठी आजवर एकही मान डोललेली नाही."

"बरं बाबांनो, बसते मी गप्प. पण धामण तुमच्या नियमानंच एकेक फांदी चढत वर येतेय, तेव्हा ती राघूंच्याही वर पोचली की गप्प कुणी बसायचं, तेवढं आत्ताच ठरवून ठेवा."